जाई, जुईराव आणि नऊ पिल्लं : सांगलीतल्या एका सशाच्या जोडीची नसबंदी

मी सांगली-मिरज पट्ट्यात जनावरांची प्रॅक्टिस करते. सकाळी गोठ्यांवर गायी-म्हशी, संध्याकाळी क्लिनिकमध्ये कुत्री-मांजरं, आणि गेल्या काही वर्षांत अधूनमधून ससे. हे प्रकरण अशाच एका घरचं आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील आणि सशांची नावं बदलली आहेत. यात माझ्या हातून झालेल्या चुका आहेत, त्या जशाच्या तशा मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

विश्रामबाग भागातलं दोन खोल्या आणि एक गॅलरी असलेलं घर. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, आई घरी शिवणकाम करते, मुलगी आठवीत, आणि आजी. नोव्हेंबरच्या मध्यात मुलीच्या वाढदिवसाला बाजारातून सशाची दोन पिल्लं आणली. विकणाऱ्याने सांगितलं, दोन महिन्यांची आहेत आणि दोन्ही माद्या आहेत, कटकट नाही. मुलीने नावं ठेवली जाई आणि जुई.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आणली. मी दात, कान, वजन पाहिलं. शेपटीखाली बोटाने हलका दाब देऊन लिंगही पाहिलं. मादीला चीर दिसते, नराला गोल तोंडाची छोटी नळी. पण आठव्या आठवड्याला या दोन्हींत फरक इतका थोडा असतो की रोज ससे हाताळणाराही चुकतो. नराची अंडं (वृषणं) साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात खाली उतरतात, खरी ओळख तेव्हा पटते. हे मला माहीत होतं. तरी मी "दोन्ही माद्याच दिसतायत" असं म्हणून मोकळी झाले, आणि बाराव्या आठवड्याला परत आणा हे सांगायचं राहिलं. पहिली चूक ही.

अडचण

२४ फेब्रुवारीला दुपारी आईचा फोन आला. "मॅडम, जाई बघा की कशी करतीय, अंगावरची लोकरच उपटून काढायला लागलीय. गजकर्ण झालंय का?"

छातीची आणि पोटाची लोकर उपटून तोंडात धरून एका कोपऱ्यात नेणं हे सशाच्या मादीचं विण्याआधीचं लक्षण. मी सांगितलं, खोक्यात सुकं गवत घाला, अंधार ठेवा, आणि तिला एकटीला सोडा. रात्रीत पाच पिल्लं झाली. उघडीनागडी, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी. जाई तेव्हा जेमतेम सव्वापाच महिन्यांची होती. म्हणजे सव्वाचार महिन्यांची असतानाच गाभण राहिली होती. लहान जातीच्या मादीला तेवढं वय पुरतं.

आता जुई नर आहे हे उघडच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनवर म्हटलं, "सवड झाली की त्याला घेऊन या, एकदा बघते." सवड तीन दिवसांनी झाली. ते तीन दिवस दोघं एकाच जाळीत होते.

दुसरी चूक ही, आणि पहिलीपेक्षा मोठी. गायी-म्हशींसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज सशात नसतो. नर चढला की त्या संगामुळेच पुढच्या दहा-बारा तासांत मादीचं बीज सुटतं. आणि व्याल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा नर घेते. गाभणकाळ एकतीस दिवसांच्या आसपास. म्हणजे पहिलं वेत अंगावर पीत असताना दुसरं वेत पोटात, हे सशाच्या शरीराला सहज जमतं. मी त्या फोनवर एकच वाक्य बोलायला हवं होतं : आत्ता, फोन ठेवायच्या आधी, नराला दुसऱ्या खोलीत न्या.

२७ तारखेला दोघं वेगळे झाले. १० मार्चला मी जाईचं पोट चाचपलं. बाराव्या-चौदाव्या दिवसाला हाताला द्राक्षाएवढ्या गाठी लागतात. त्या लागल्या.

घरात त्यावेळी वेगळीच गडबड होती. आजीला वाटत होतं की जाई पिल्लांना पाजतच नाही. "दिवसभर लांब बसून गवत खाती, कसली आई म्हणायची ही?" म्हणत त्यांनी बोळ्याने गायीचं दूध पाजायचा घाट घातला होता. सशाची मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही चार-पाच मिनिटं, बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे. बाकी वेळ ती बिळापासून लांब राहते. पिल्लांची पोटं सकाळी गोल दिसली की दूध मिळालं असं समजायचं. आजींना मी पहाटे उठून पोटं बघायला सांगितलं. त्यांनी ते काम अंगावर घेतलं, आणि पुढे या घरात सशांचं सर्वांत बारीक निरीक्षण त्यांचंच राहिलं. जुईला जुईराव म्हणायला त्यांनीच सुरुवात केली.

समोरचे पर्याय

घरी बैठक बसली. काकाही आले होते. पहिली सूचना त्यांचीच : तासगाव रोडला मळा आहे, तिथं सोडून देऊ, रानात ससे असतातच की. हा विचार मी पुष्कळ घरांत ऐकलेला आहे, म्हणून त्यावर जरा वेळ घेतला. आपल्या माळरानावर उड्या मारताना दिसतो तो ससा वेगळ्या वंशाचा आहे. तो उघड्यावर वाढतो, जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस असतात. पाळीव ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशापासून आलेला. त्याला आपल्याकडचं ऊन सोसत नाही, पांढऱ्या रंगामुळे लपता येत नाही, आणि कुत्रं, मुंगूस, घार यांच्यापुढे तो एक रात्रही काढणार नाही. शिवाय पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. काका नंतर बोलले नाहीत.

दुसरा पर्याय दोघांना कायम वेगवेगळ्या जाळ्यांत ठेवायचा. खर्च शून्य. पण ससा कळपातला जीव, आणि जुईराव तर आठवडाभरातच दाराच्या फटीला नाक लावून बसायला लागला होता. गादीवर, उशीवर, आईच्या शिवणाच्या कपड्यांवर मुताच्या पिचकाऱ्या मारत होता. एखाद्या दिवशी दार उघडं राहिलं की पुन्हा तेच.

तिसरा, फक्त नराचं ऑपरेशन. पोट उघडावं लागत नाही, वेळ कमी लागतो, खर्चही कमी. पिल्लांचा प्रश्न सुटतो, पण जाईचा सुटत नाही. ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये वय चार वर्षांच्या पुढे गेलं की गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर पाळीव जनावरांच्या मानाने फारच जास्त असतं. काही पाहण्यांत ते निम्म्याहून वर गेलेलं आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, त्यामुळे हा हिशोब टाळून चालत नाही.

चौथा, दोघांचं ऑपरेशन. इथे वडिलांनी सरळ विचारलं, "मॅडम, टेबलावर दगावण्याची शक्यता किती?" मी आकडे सांगितले. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के मृत्यू झाले. फक्त निरोगी ससे धरले तर ०.७३ टक्के. आणि सशांतले बहुतेक मृत्यू टेबलावर नव्हते, ऑपरेशननंतरच्या तासांत होते. हे शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं, पण तेव्हा त्यांच्या मनात टेबलच होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

आजींना वेगळाच प्रश्न पडला होता : पोटातल्यांचं काय? गाभण असताना गर्भाशय काढता येतं, अनुभवी सर्जन सुरुवातीच्या दिवसांत ते करतातही. पण जाई पाच पिल्लांना पाजत होती, सड दुधाने भरलेले होते, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला होता, आणि सशाची मादी उघडायचा माझा अनुभव तेव्हा फक्त दोन ऑपरेशनांचा. मी नको म्हटलं ते या कारणाने. आजींनी नको म्हटलं ते त्यांच्या कारणाने. दोन्ही कारणं खरी होती आणि निर्णय एकच झाला : दुसरं वेत होऊ द्यायचं.

क्रम असा ठरला. नर लगेच. दुसरं वेत दूध सोडेपर्यंत जाईला हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही ऊन उतरल्याशिवाय नाही. सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीला टेकतो, आणि तिशीच्या पुढे गेला की ससा धापायला लागतो. भुलीतून उठणाऱ्या सशाला तेवढी झळ मी देणार नव्हते.

काय केलं

१४ मार्चला सकाळी जुईरावचं ऑपरेशन माझ्याच क्लिनिकमध्ये झालं. त्याला उपाशी ठेवलं नाही. सशाला उलटी होत नाही, आणि त्याचं आतडं सतत चालू राहिलं पाहिजे, म्हणून भुलीच्या अगदी थोडा वेळ आधीपर्यंत गवत पुढ्यात असावं लागतं. कुत्र्याच्या ऑपरेशनची सवय असलेल्या माझ्या मदतनीसाने आदल्या रात्री "बारा तास काही देऊ नका" असं सांगून टाकलं होतं. सुदैवाने आईने पुन्हा फोन करून विचारलं. सशाच्या नरात पोट आणि अंडांची पिशवी यांमधली वाट मोठेपणीही उघडी राहते, त्यामुळे अंड वर ओढून घेता येतं आणि चुकीच्या पद्धतीने कापलं तर त्या वाटेने आतडं खाली उतरू शकतं. आवरणासकट बांधून ती वाट बंद केली. दोन तासांत तो कोथिंबीर खात होता.

त्याच वेळी घरच्यांना कागदावर लिहून दिलं : २५ एप्रिलपर्यंत हा नर नरच आहे असं धरायचं. खच्ची केल्यावरही आधीचं बीज नळ्यांत शिल्लक असतं, म्हणून सहा आठवडे वेगळं ठेवावं लागतं. या वेळी तारीख लिहून दिली, "काही दिवस" असं म्हटलं नाही.

२६ मार्चला पहिली पाच पिल्लं दुसऱ्या जाळीत हलवली. तीस दिवसांची होती. मला आणखी दोन-तीन आठवडे आईजवळ हवी होती, पण नवीन वेतासाठी जागा लागणार होती. २८ ला जाई पुन्हा व्याली. चार पिल्लं, त्यातलं एक तिसऱ्या दिवशी गेलं. लागोपाठच्या दोन वेतांनी ती वाळली होती. पाठीचा कणा हाताला लागत होता. तिला भरपूर लसूणघास सुरू केला. एरवी मोठ्या सशाला मी तो रोज देऊ देत नाही, त्यात कॅल्शियम फार असतं. वाळलेलं गवत हाच मुख्य आहार. पण पाजणाऱ्या मादीला चालतो.

उन्हाळा गॅलरीत ओलं गोणपाट, फरशीचा तुकडा आणि बर्फाची बाटली यांवर निघाला. पहिल्या वेताची लिंगओळख मी ५ मेला, दहाव्या आठवड्यात केली आणि नर-माद्या त्याच दिवशी वेगळ्या केल्या. तीन नर, दोन माद्या. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं.

आता जाईचं ऑपरेशन कुठे करायचं? माझ्याकडे गॅसवर भूल देण्याचं यंत्र नाही. इंजेक्शनची भूल एकदा दिली की कमी करता येत नाही. गॅसची क्षणाक्षणाला कमी-जास्त करता येते. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय हा एक पर्याय होता, पण सांगलीहून तो तीन-साडेतीन तासांचा रस्ता. पुणे त्याच्याही पुढे. कोल्हापूरला माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांच्याकडे यंत्रही आहे आणि सशांवर बसलेला हातही. "तूच कर ना मॅडम," असं मुलगी म्हणत होती. नाही म्हणणं जड गेलं, पण कोल्हापूर ठरलं, आणि मी सोबत उभी राहीन असं सांगितलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहाटे निघालो. वजन १ किलो ९०० ग्रॅम. टोपलीत तिचंच गवत, तिच्याच वासाचं फडकं. तिथे मी एक गोष्ट शिकले, ती सहकाऱ्यांसाठी नोंदवते : हृदयाची गती सांभाळायला आपण सवयीने ॲट्रोपिन काढतो, पण बऱ्याच सशांच्या रक्तात ते मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) असतं. माझ्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी ग्लायकोपायरोलेट भरून ठेवलं होतं. सशाच्या गर्भाशयाला दोन शिंगं, म्हणजे दोन लांब फाटे, आणि दोन वेगवेगळी मुखं असतात. दोन्ही शिंगं आणि अंडाशयं काढली. सगळं स्वच्छ होतं. पाऊण तासात टाके घालून झाले. दुपारपर्यंत ती शुद्धीवर येऊन बसली होती, संध्याकाळी आम्ही परत निघालो.

ती रात्र

रात्री दहाला आईने कळवलं, शांत बसली आहे, काही खाल्लं नाही. मी म्हटलं, थकली असेल, वेदनाशामक औषध द्या आणि सकाळी बघू.

सकाळी सहाला आजींचा फोन. "पोरी, जाईच्या जाळीत एक लेंडी नाही."

मी गाडी काढली. जाई कोपऱ्यात पोट जमिनीला दाबून, डोळे अर्धे मिटून बसली होती. दात करकर वाजत होते, म्हणजे दुखत होतं. ताप मोजला तर १००° फॅरनहाइटच्या खाली. सशाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०३ च्या घरात असतं, त्यामुळे अंग गार पडलेला ससा पाहिला की माझं काळीज हलतं. पोटाला स्टेथोस्कोप लावला, आतड्याचा आवाज जवळजवळ नाही.

औषध दिलं होतं का? आईने मान खाली घातली. "उपाशीपोटी कसं द्यायचं म्हणून ठेवलं. आणि ती तर गपच होती, दुखत असतं तर ओरडली नसती का?"

आपल्याकडे कुठलीही गोळी जेवल्याशिवाय घेत नाहीत, आणि त्या माउलीने लेकराला लावला असता तोच नियम सशाला लावला. चूक माझी होती. मी "औषध द्या" म्हटलं, पण "खाल्लं नसेल तरीही द्या, न खाण्याचं कारणच दुखणं आहे" हे म्हटलं नाही. ससा हा शिकार होणारा जीव, तो दुखणं लपवतो, ओरडत नाही. दुखलं की खाणं थांबतं, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आतडं थांबलं की वायू धरून आणखी दुखतं. त्या पाहणीतले ऑपरेशननंतरच्या तासांतले मृत्यू म्हणताना मी जे सांगत होते, ते आता समोर बसलं होतं.

शेजारच्या औषध दुकानात काम करणाऱ्या एका भल्या माणसाने रात्री लहान मुलांचं ॲमॉक्सिसिलिनचं सिरप आणून ठेवलं होतं, इन्फेक्शन नको म्हणून. ते अजून फोडलं नव्हतं. तोंडावाटे पेनिसिलिनच्या गटातलं औषध दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दोन-चार दिवसांत दगावू शकतो. बाटली मी पिशवीत टाकून घेऊन आले.

गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या, कातडीखाली कोमट सलाईन दिलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आणि अंग गरम झाल्यावर सशाचं खाद्य पाण्यात भिजवून, वाटून सिरिंजने भरवायला सुरुवात केली. दर तीन तासांनी, थोडं थोडं, गालाच्या बाजूने. डोस इथे मुद्दाम देत नाही, तो वजनावर आणि सशावर ठरतो. दुपारी चारच्या सुमाराला तिने आजींच्या हातातलं कोथिंबिरीचं पान ओढलं. रात्री नऊला पाच लेंड्या पडल्या, मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, वेड्यावाकड्या. आजींनी त्या कागदावर घेऊन मला फोटो पाठवायला लावला. तिसऱ्या दिवशी लेंड्या हरभऱ्याएवढ्या गोल झाल्या.

परिणाम

टाके दहाव्या दिवशी नीट भरले. तीन आठवड्यांनी जाई आणि जुईराव यांची पुन्हा गाठ घातली, पण घरात नाही. शेजाऱ्यांच्या गॅलरीत, जिथे दोघांपैकी कुणाचाच वास नव्हता. पहिल्या दिवशी तिने त्याला पळवलं. आठवडाभर रोज वीस-पंचवीस मिनिटं. ऑगस्टच्या मध्यात दोघं एका फडक्यावर आडवे झोपलेले दिसले. पिचकाऱ्या त्याआधीच थांबल्या होत्या.

पिल्लांचं थोडक्यात. पहिल्या वेतातले तीन नर जूनअखेर खच्ची करूनच बाहेर दिले, दोन तासगावला एकत्र, तिसरा विश्रामबागेतच. त्याला एकट्याने राहावं लागतं, हे मला आजही खटकतं. दोन माद्या मिरजेच्या एका जोडप्याकडे गेल्या. दुसऱ्या वेतातली तीन पिल्लं सप्टेंबरमध्ये कुपवाडला एकाच घरी गेली, त्यातल्या नराचे सहा आठवडे पुरे झाल्यावर.

पुन्हा अशी वेळ आली तर

बाराव्या आठवड्याची तपासणी मी आता पहिल्याच भेटीत तारखेसह वहीत लिहिते आणि तोपर्यंत लिंग "नक्की नाही" असंच सांगते. जोडी असेल तर दहाव्या आठवड्यापासून वेगळी. हे एवढं त्या नोव्हेंबरात केलं असतं तर दोन्ही वेतं टळली असती, आणि जाईचं ऑपरेशन सहाव्या महिन्याच्या आसपास, मार्चच्या आत, धष्टपुष्ट अंगावर झालं असतं.

जाईला त्याच संध्याकाळी घरी आणायला नको होतं. गवत खाल्लेलं आणि लेंडी पडलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडायचं नाही, हा माझ्या सहकाऱ्यांचा एरवीचा नियम. पावसात रात्री परतायला नको म्हणून मीच घाई केली होती. त्यांनी माझ्या शब्दावर सोडलं.

पोटातल्या दुसऱ्या वेताबाबत मात्र मी तोच निर्णय पुन्हा घेईन, निदान माझ्या हाताला पुरेसा सराव होईपर्यंत. यावर माझ्या सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते मार्चमध्येच कोल्हापूरला आणली असती तर तिच्या हाडावरचं मांस गेलं नसतं. ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही.

घरी द्यायच्या कागदावर आता तीन ओळी ठळक आहेत. खाल्लं नसलं तरी वेदनेचं औषध द्या. रात्री झोपण्याआधी लेंड्या मोजा. बारा तासांत एकही नसेल तर पहाट व्हायची वाट न बघता फोन करा. दुसरी ओळ आजींनी सुचवली, मी फक्त लिहून घेतली.

मिरजेच्या दोन माद्यांची तारीख ऑक्टोबरअखेर ठरली आहे, दिवस थंड झाले की. त्या रात्री त्या कोल्हापूरलाच राहतील.